ऑफिसची लँडलाईन आणि फॅक्स लॅनवर आणायचे तर

दहा-बारा टेबलांचं ऑफिस, दोन लँडलाईन, एक फॅक्स मशीन आणि आधीच टाकलेलं लॅन. एवढ्या सामानावर सगळे फोन कॉम्प्युटरच्या वायरवर येतात. यात फोन सोपा, फॅक्स अवघड. बहुतेक जण फोन आधी बसवतात आणि फॅक्सचं शेवटी बघू म्हणतात. मग "दोन पानं जातात, तिसऱ्याला तुटतं" हे रडगाणं सुरू होतं. म्हणून आखणी फॅक्सपासून करावी.

आधी एक सोपी वाट तपासा. फॅक्सला वेगळा नंबर असेल आणि मशीन मल्टिफंक्शन (प्रिंटर-स्कॅनरसकट) असेल, तर ते थेट लाईनलाच लावा. आलेला फॅक्स फोल्डरमध्ये किंवा मेलवर टाकायची सोय अशा बऱ्याच मशीनमध्ये असते. ती लॅनवरून चालू केली की काम झालं. लाईन फायबरची असेल, म्हणजे ओएनटीच्या (फायबरच्या टोकाला बसवलेल्या डब्याच्या) फोन पोर्टमधून येत असेल, तर हाच मार्ग बरा. तिथे आवाज एकदा पॅकेटमध्ये, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांत, बदलून आलेला असतो, त्यावर आपल्या गेटवेची (फोनची लाईन लॅनला जोडणाऱ्या डब्याची) आणखी एक फेरी कशाला?

एकच नंबर फोन आणि फॅक्स दोन्हींसाठी असेल, किंवा येणारा प्रत्येक फॅक्स सर्व्हरवर हवा असेल, तर मात्र पुढचं सगळं लागेल: अ‍ॅस्टरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजेच सर्व्हर, दोन एफएक्सओ पोर्टचा गेटवे, फॅक्स मशीनसाठी एका एफएक्सएस पोर्टचा अडॅप्टर, टेबलांवर लॅनच्या वायरवर चालणारे आयपी फोन आणि या सगळ्यांना पुरेल असा यूपीएस.

एफएक्सओमध्ये बाहेरून आलेली लाईन जाते. एफएक्सएस आपल्या साध्या फोनला किंवा फॅक्सला करंट आणि रिंग देतो. दोन्हींचं सॉकेट सारखंच आरजे-११ असतं, त्यामुळे अदलाबदल होते. एक्सचेंजची लाईन चुकून एफएक्सएसमध्ये घातली तर दोन्ही बाजू व्होल्टेज देतात आणि रिंग आल्यावर पोर्ट जळू शकतो. खात्री मल्टिमीटरने करा: फोन ठेवलेला असताना लाईनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसतात, उचलल्यावर ते दहाच्या आसपास किंवा खाली येतात. रिंग वाजताना सुमारे ७५ व्होल्ट एसी असतात, तेव्हा क्रोनवर (फोनच्या तारा जोडायच्या पट्टीवर) उघड्या तारांना हात लावू नका. तांब्याची लाईन असेल तर गेटवेच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावून त्याला खरं अर्थिंग द्या. पावसाळ्यात विजेने पहिला बळी एफएक्सओ पोर्टचा जातो.

आता गेटवेची सेटिंग. टोनच्या यादीत देश भारत निवडा. हे राहिलं तर कॉल संपला तरी लाईन सुटत नाही आणि दिवसभर नंबर एंगेज लागतो. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. अमेरिकेचा ४८० आणि ६२० हर्ट्झचा, अर्धा-अर्धा सेकंद. देश बदलला नाही तर गेटवे त्या अमेरिकी टोनची वाट बघत बसतो. कॉलर आयडीचंही तसंच. आपल्याकडच्या पुष्कळ लाईनवर नंबर पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफमध्ये (बटणं दाबल्यावर वाजतात त्या सुरांत) येतो. गेटवे तो दोन रिंगांच्या मधे शोधत असेल तर स्क्रीन कोरीच राहते.

कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) जी.७११ ए-लॉ ठेवा, जी.७२९ नको. जी.७११ला एका दिशेने एका कॉलमागे ओव्हरहेडसकट सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत. लॅनवर हे काहीच नाही. अडचण वेगाची नसते, रांगेची असते. कुणी मोठी फाईल कॉपी करतो आणि आवाजाची पॅकेट त्यामागे अडकतात. फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरांवर वेगळं केलेलं लॅन) करा, आवाजाच्या पॅकेटना डीएससीपी (प्राधान्य सांगणारा आकडा) ४६ द्या आणि स्विच तो आकडा मानतो ना तेही पाहा.

फॅक्स का तुटतो हे समजलं की पुढची सेटिंग आपोआप सुचते. बोलताना एखादं पॅकेट हरवलं तर यंत्र मागच्या आवाजाने भोक बुजवतं, कानाला कळतही नाही. फॅक्सच्या मोडेमला ते लगेच कळतं आणि त्याचा ताल सुटतो. शिवाय दोन टोकांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. काही मिनिटांनी बफर (पॅकेट थोडी साठवून सलग सोडणारी जागा) एक पॅकेट टाकून देतो किंवा जादा घालतो. म्हणूनच एक पान ठीक जातं आणि लांबलचक करार मधेच तुटतो.

यावर उपाय टी.३८. यात गेटवे फॅक्सचे सूर ऐकून त्यातला डेटा काढतो आणि तोच जादा प्रतींसह पाठवतो. अडॅप्टर, सर्व्हर आणि एफएक्सओ गेटवे तिन्हींत टी.३८ चालू हवं, एकातही बंद असेल तर कॉल गुपचूप जी.७११वर राहतो. फॅक्सच्या मार्गावर सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट न पाठवणं) बंद करा, वर सांगितलेला बफर, म्हणजे जिटर बफर, स्थिर ठेवा. मशीनमध्ये सुपर जी३ (जलद फॅक्सची पद्धत) बंद करून वेग १४,४०० बिट प्रति सेकंद ठेवा. तरी तुटत असेल तर ९,६०० करा. त्रास दिसला की आधी ईसीएम (चुकलेला भाग पुन्हा मागवणारी सोय) बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. ईसीएम बंद केल्यावर फॅक्स "गेला" असं दिसतं, पण कागदावर एखादी ओळ खाल्लेली असते. ती रकमेची निघाली तर? आधी वेग कमी करा, ईसीएम अगदी शेवटी.

एकाच नंबरवर दोन्ही घ्यायचे तर सर्व्हर कॉल उचलून फॅक्सचा सूर ऐकतो. तो ११०० हर्ट्झचा, अर्धा सेकंद वाजून तीन सेकंद थांबणारा. म्हणून स्वागताचा संदेश किमान पाच सेकंदांचा ठेवा, नाहीतर सूर यायच्या आत कॉल ऑपरेटरकडे जातो आणि तिला नुसती पिपाणी ऐकू येते. हाताने पाठवणारी काही जुनी मशीन हा सूर देतच नाहीत. त्यांच्यासाठी ऑपरेटरला फॅक्सच्या एक्स्टेंशनवर ट्रान्सफर करता आलं पाहिजे. आलेला फॅक्स टिफ या चित्राच्या फाईलमध्ये साठतो, त्याची पीडीएफ करून मेल पाठवण्याची सोय फ्रीपीबीएक्समध्ये आहे. मेल अडकला तरी कागद हरवू नये म्हणून मूळ टिफ सर्व्हरवर राहू द्या.

बाहेरच्या शाखेचा फोन जोडल्यावर एकाच बाजूचा आवाज येत असेल तर राऊटरमधलं सिप एएलजी (आयपी फोनची पॅकेट वाटेत बदलणारी सोय) आधी बंद करा. ५०६० पोर्ट (आयपी फोन ज्यातून सर्व्हरशी जोडतात ते दार) इंटरनेटवर उघडा सोडू नका, शाखेला व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी, बंदिस्त वाटेने) जोडा. उघड्या सर्व्हरवर पासवर्ड शोधणारे थोड्याच वेळात येतात आणि रातोरात परदेशी कॉलचं बिल लागतं. गरज नसेल तर आयएसडी टेलिफोन कंपनीकडूनच बंद करून घ्या. आणि एका शहरातला कॉल इंटरनेटने दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या लँडलाईनवर सोडण्याचा "जुगाड" करू नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे.

वीज गेली तर आयपी फोन बंद पडतात. तांब्याच्या लाईनला एक्सचेंजकडून करंट मिळत असे, ती सोय इथे नाही. ओएनटी, स्विच, गेटवे, सर्व्हर सगळे यूपीएसवर घ्या आणि एक साधा फोन सर्व्हरला वळसा घालून थेट लाईनवर ठेवा, ११२ लावायला.

शेवटी चाचणी दहा पानांची करा, एका पानाची नाही. ऑफिसात फाईल कॉपी चालू असताना दोन्ही दिशांना पाठवा आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये कॉल खरोखर टी.३८वर गेला का ते पाहा.