क्योटोत बस कधी घ्यावी आणि भुयारी रेल्वे कधी

क्योटोला जाणारे बहुतेक पर्यटक स्टेशनाबाहेर पडताच समोरच्या बसथांब्यावर रांग लावतात, कारण जवळजवळ प्रत्येक प्रसिद्ध मंदिराकडे थेट बस जाते. परंतु एप्रिलमधील चेरीच्या बहरात किंवा नोव्हेंबरमधील पानगळीत हीच थेट बस गर्दीने आणि वाहतूककोंडीने रखडते. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा, की लांबचा पल्ला भुयारी रेल्वेने गाठावा आणि बस केवळ शेवटच्या टप्प्यासाठी ठेवावी.

क्योटोत भुयारी रेल्वेचे दोनच मार्ग आहेत. 1981 साली सुरू झालेला कारासुमा मार्ग उत्तर-दक्षिण धावतो, 1997 सालचा तोझाई मार्ग पूर्व-पश्चिम, आणि कारासुमा ओइके स्थानकावर दोन्ही एकमेकांना छेदतात. निजो किल्ला आणि नान्झेनजी मंदिर यांसाठी तोझाई मार्ग पुरेसा आहे. किंकाकुजी, म्हणजे सुवर्णमंदिर, मात्र कोणत्याही भुयारी स्थानकाजवळ नाही. तेथे जाताना क्योटो स्टेशनवरून कारासुमा मार्गाने सुमारे पंधरा मिनिटांत किताओजीला उतरावे आणि स्थानकालाच जोडलेल्या बसतळावरून 204 किंवा 205 क्रमांकाची बस धरावी. एक बदल करावा लागतो खरा, पण शहराच्या मध्यभागातील कोंडी टळते. फुशिमी इनारी आणि आराशियामा या ठिकाणांसाठी दोन्हींचा विचार न करता सरळ जेआरची (जपान रेल्वेची) गाडी घ्यावी.

बसमध्ये बहुधा मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरायचे असते, आणि भाडे उतरताना द्यायचे असते. शहराच्या मध्यवर्ती पट्ट्यात अंतर कितीही असो, प्रौढांना सध्या 230 येन पडतात. चालकाशेजारच्या पेटीतून उरलेले पैसे परत मिळत नाहीत. तेथील यंत्र हजार येनच्या नोटेची मोड देते, मोठ्या नोटेची नाही. ही मोड थांबा येण्यापूर्वी, बस सिग्नलला उभी असताना करून घ्यावी, म्हणजे मागे खोळंबलेल्या स्थानिकांना ताटकळावे लागत नाही. इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासकार्ड असल्यास ही यातायात उरत नाही, आणि तेच कार्ड भुयारी रेल्वेच्या फाटकावरही चालते.

केवळ बससाठीचा एकदिवसीय पास 2023 साली विक्रीतून काढण्यात आला, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील सल्ला आता उपयोगाचा नाही. त्याऐवजी बस आणि भुयारी रेल्वे या दोन्हींचा 1,100 येनचा पास मिळतो. रेल्वेचे किमान भाडे 220 येन असल्याने दिवसात पाच वेळा प्रवास झाला की पैसे वसूल होतात. चारच वेळा जायचे असेल, तर आधी हिशेब करावा. बसमध्ये प्रथम वापरताना पास भाड्याच्या यंत्रात घालावा लागतो, मग त्यावर तारीख छापली जाते आणि पुढे ती चालकाला दाखवली की झाले. जेआरच्या गाड्यांवर हा पास चालत नाही.

मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नये. मधली वाट अरुंद असते आणि रोज त्याच बसने दवाखान्यात किंवा बाजारात जाणाऱ्या वृद्धांची त्यामुळे खरोखर अडचण होते. सामान क्योटो स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवावे, किंवा हॉटेल जवळ असल्यास आधी तेथे पोहोचवून मगच फिरायला निघावे.