तीन फुटी फिश टँकसाठी घरच्या घरी लाकडी स्टँड

३६ × १५ × १८ इंचांच्या टाकीत काठोकाठ भरली तर जवळपास १६० लिटर पाणी मावतं. त्यात काच आणि खडी धरली की वजन २०० किलोंच्या आसपास जातं. एवढ्यासाठी चार-चार इंची पाय लागतात, हा सल्ला सोडून द्या. ३ × २ इंचांचं सुकलेलं लाकूड पुरून उरतं. स्टँड मोडतो तो वजन स्क्रूवर टांगल्यामुळे, आणि टाकी तडकते ती बहुतेक वेळा वरची चौकट पिळलेली असल्यामुळे.

नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारातून २८ फूट लाकूड आणा. साल वृक्षाचं लाकूड चालेल, जुन्या दारांच्या चौकटींचं सागवान मिळालं तर उत्तम. ओलं लाकूड कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात ते सुकता सुकता वाकतं.

काप असे: वरच्या चौकटीसाठी ३६ इंचांच्या २ पट्ट्या, ११ इंचांच्या ३, पाय २७ इंचांचे ४, खालच्या बांधणीसाठी ३२ इंचांच्या २ आणि ९ इंचांच्या २. रंधा मारल्यावर जाडी घटते, म्हणून छोट्या पट्ट्या प्रत्यक्ष मोजूनच कापा. चारही पाय एकत्र क्लॅम्प करून एकदमच कापा.

वरच्या चौकटीच्या पट्ट्या ३ इंची बाजू उभी ठेवून जोडा: दोन लांब, त्यांच्यामध्ये तीन छोट्या. आधी भोक पाडा, मग फेविकॉल आणि ४ इंची स्क्रू. ही चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायांच्या बाजूला स्क्रूने लटकता कामा नये. पायाची ३ इंची बाजू समोरून मागे जाणारी ठेवा. मग लांब पट्टी पूर्ण टेकतेच, छोट्या पट्टीचाही एक इंच पायावर येतो. आतून एल अँगल लावा, खालच्या पट्ट्या जमिनीपासून ४ इंचांवर बसवा.

आता प्लाय ठोकायची घाई करू नका. मागची आणि बाजूची प्लाय एकदा बसली की चौकट ज्या आकारात असेल त्याच आकारात कायमची अडकते. गुण्या (काटकोन तपासायला) आणि पाणसळ (पातळी तपासायला) लावून एकेक पट्टी सरळ दिसली तरी चार कोपरे एका पातळीत असतीलच असं नाही.

त्यासाठी दोन दोरे लागतात. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना बारीक खिळे मारा आणि दोरे लाकडाला टेकतील असे ताणून फुली बांधा. मध्यभागी दोरे एकमेकांना नुसते शिवले पाहिजेत. फट दिसली तर खालच्या दोऱ्याचे कोपरे बसलेले आहेत. वरचा दोरा खालच्यावर दाबून वाकत असेल तर तो खालून घ्या आणि फट मोजा. मधली फट २ मिलिमीटर असेल तर एक कोपरा ४ मिलिमीटरने चुकलेला असतो. फट दुप्पट धरायची. बसलेल्या कोपऱ्याच्या पायाखाली ॲल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची चकती सरकवा, दोरे शिवेपर्यंत. पुठ्ठा नको, फरशी पुसताना तो भिजून दबतो. दोरे जुळले की लगेच, स्टँड न हलवता, मागे आणि दोन्ही बाजूंना ९ मिलिमीटरची प्लाय सव्वा इंची स्क्रूने बसवा.

“खाली थर्माकोल आहे ना, सांभाळून घेईल” असं दुकानदारही सांगतात. १० मिलिमीटरचं थर्माकोल वाळूचा कण किंवा प्लायची खरबड पचवतं. चौकटीचा पीळ ते सरळ करत नाही, काच तो स्वतःवर घेते आणि सिलिकॉनचा जोड उकलतो. तळाला प्लास्टिकची फ्रेम असलेल्या टाकीला तर थर्माकोल लावायचंच नसतं.

वर १८ मिलिमीटरची प्लाय. सगळ्या कापांच्या टोकांना, विशेषतः पायांच्या तळाला, ऑइल पेंटचे दोन हात द्या. कूलरच्या दिवसांत घरातल्या दमट हवेने उघडे काठ फुगतात. पायांखाली कडाप्प्याचे सारख्या जाडीचे तुकडे ठेवा.

स्टँड त्याच्या कायमच्या जागी नेल्यावर दोरे पुन्हा ताणा, कारण फरशी बदलली. मग टाकी ठेवून पाव भरा आणि चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत मोजा. एका बाजूला सरळ २ मिलिमीटर उतार असेल तर चालतो. त्याहून जास्त असेल तर पाणी काढा आणि पायाखालच्या चकत्या बदला. भरलेल्या टाकीचा स्टँड उचलून चकती सरकवू नका. माप जमलं की अर्धी भरा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा, मगच पूर्ण भरा.