लाईन गेली अन् फाईल उडाली: या चुका टाळा

मे संपता संपता आमच्या यवतमाळकडे वावधन सुटलं की लाईन एकदाच जात नाही. जाते, येते, परत जाते. माझ्या सेवा केंद्रातला कॉम्प्युटर तिसऱ्या झटक्यात बसला. लाईन आली म्हणून लगेच बटण दाबलं, विंडोज डिस्क तपासत होती अन् पुन्हा अंधार. लाईन दहा मिनिटं टिकू द्या, समोर सातबारावाला कितीही घाई करो.

"सेव्ह तर केलं होतं!" हे सगळेच म्हणतात. पण सेव्ह केलेलं आधी रॅममध्ये, म्हणजे लाईन गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत थांबतं; लिनक्समध्ये तर 30 सेकंदांपर्यंत. डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धती असतात; त्यातल्या विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट4 जर्नल ठेवतात, म्हणजे तलाठ्याच्या फेरफारासारखी बदलाची नोंद आधी करतात. मात्र ती नोंद फाईलचं नाव, आकार, जागा यांची. आतल्या मजकुराची सहसा नसते. माझी पीक विम्याची यादी जागेवर दिसत होती, साईज 46 केबी, तरी एक्सेल उघडेना. नोटपॅडमध्ये टाकली तर नुसत्या रिकाम्या जागा!

पेनड्राईव्हवर बहुतेक फॅट32 किंवा एक्सफॅट ही पद्धत असते, त्यात जर्नल नाही. तिच्यावर थेट काम करू नका. फाईल डिस्कवर घ्या, काम उरका, मग कॉपी करा.

वेग वाढवायचा म्हणून डिव्हाईस मॅनेजरच्या पॉलिसीजमध्ये कॅशे बफर फ्लशिंग (थांबलेला मजकूर डिस्कवर उतरवणं) बंद करणारी टिक कोणी मारली असेल तर काढा.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 600 व्हीएचा यूपीएस जेमतेम 360 वॅट देतो. त्यावर लेझर प्रिंटर लावला की यूपीएस ओरडतो अन् बसतो. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांची सोबतीण, पत्र्याखाली 45 अंशांत त्याहून कमी. महिन्यातून एकदा काम बंद करून प्लग काढून बघा, किती मिनिटं ओढते ते. इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाईन बदलताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

बिघडलंच तर दुरुस्तीची घाई नको. आधी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून मिळेल तेवढं उतरवून घ्या. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड, chkdsk) पहिल्यांदा दुरुस्तीचा स्लॅश एफ (/f) न लावता चालवा, तेव्हा ती फक्त वाचते. लिनक्सवाल्यांनी चालू पार्टिशनवर (डिस्कच्या वापरात असलेल्या भागावर) एफएससीके (fsck, तिकडची तपासणी-दुरुस्तीची कमांड) चालवू नये. लाईव्ह पेनड्राईव्हवरून, म्हणजे जिच्यातूनच लिनक्स चालतं तिच्यावरून, बूट करा. अन् डिस्क टकटक वाजत असेल तर काहीच चालवू नका, प्लग काढा.