आधी रुमाल, मग सनस्क्रीन: खान्देशच्या उन्हात कातडी कशी सांभाळायची

एप्रिल लागला की आमच्याकडे बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, चालू होतं. पहाटे अंधारात चुलीवर पातेलं चढतं आणि उजाडलं की सगळ्या बाया स्लॅबवर, ओल्या कापडावर बिबडे थापायला बसतात. मागच्या उन्हाळ्यात आईच्या शेजारी बसले होते, थापता थापता तिच्या बांगड्या वर सरकल्या आणि मनगटावर दोन बोटं रुंद उजळ पट्टा दिसला. तो तिचा मूळ रंग, बाकीचा हात कोपरापर्यंत दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा. मानेमागची आणि ब्लाऊजच्या गळ्याखालची पाठ तर जाड, खरखरीत, बारीक रेघारेघांची झालीये. आई म्हणे वय झालं आता. पण तिच्याच दंडाची आतली बाजू बघा ना, किती मऊ आहे, वय तर तिचंही तेवढंच. हे वयानं नाही झालेलं, उन्हानं झालंय.

म्हणून सगळ्यात आधी एक काम करा, तुमच्या कामात ऊन नेमकं कुठं पडतं ते बघा. वाकून काम असेल तर तोंड सावलीत असतं आणि मान, पाठ, हाताची वरची बाजू भाजते. गाडी चालवणाऱ्याचे हात आणि मांड्या. शेतातल्या माणसाचे कान (टोपी घातली तरी कान उघडेच) आणि खालचा ओठ. आपण क्रीम लावतो फक्त गालाला, आणि जिथं खरं ऊन पडतंय ती जागा उघडीच राहते.

दुसरं म्हणजे वेळ, इथं जवळजवळ सगळे फसतात. आपण ऊन मोजतो गरमीवरून. भुसावळला पारा 45 च्या वर गेला की घाबरतो, दुपारी तीनला कोणी बाहेर निघत नाही, आणि सकाळी साडेदहाला "अजून तापलं नाही, उरकून येते बाजार" म्हणून निघतो. पण कातडी भाजते ती गरमीनं नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि ते दिसतही नाहीत आणि गरमही लागत नाहीत. जळगावच्या रेषेत मे महिन्यात सूर्य सगळ्यात वर येतो साधारण बारा पंचवीसला, तेव्हा हे किरण सगळ्यात जोरात, हवा मात्र त्याच्यानंतर दोन-तीन तासांनी सगळ्यात तापते. म्हणजे साडेदहाची बरी वाटणारी हवा कातडीला काही बरी नसते. यूव्ही इंडेक्स म्हणून या किरणांचा जोर सांगणारा एक आकडा मोबाईलच्या हवामानात दिसतो, 3 झाला की झाकायला सुरुवात करायची, आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो 11 च्या वर जातो म्हणजे अगदी शेवटच्या पातळीत. मोबाईल नसेल तर आपली सावली बघा, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत समजायचं. मे मध्ये हे सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत चालतं. बिबडे-कुरडया म्हणूनच नऊच्या आत थापून खाली उतरा, वाळायचं काम ऊन करेल, तुम्ही तिथं बसून राहायची गरज नाही.

आणि थंडीत सूट नाही हं. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला हवा छान असते पण बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या वावरात असतात, केळीच्या बागेत निदान पानांची सावली तरी असते, कपाशीत काहीच नाही. ढगाळ हवेतही बरेच किरण खाली येतात.

आता कापड. मला मनापासून वाटतं की आपल्याकडे सनस्क्रीनपेक्षा कापडाची गोष्ट जास्त झाली पाहिजे, कारण रोजानं जाणाऱ्या बाईला दर महिन्याला ट्यूब परवडणार नाही आणि घामात ती टिकणार पण नाही. वेचणीच्या बाया साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात ना, त्याच्यापेक्षा चांगलं सनस्क्रीन मला माहीत नाही. फक्त कापड उजेडासमोर धरून बघा, आरपार उजेड दिसला तर किरणही आरपार जातात. पातळ पांढरं कॉटन घामानं ओलं झालं की आणखी कमी अडवतं. घट्ट विणीचं, जरा गडद, सैल असं घ्यायचं. टोपीनं डोकं झाकतं पण कान आणि मान नाही, म्हणून टोपीखालून रुमाल किंवा उपरणं मानेवर सोडायचं. स्कार्फ बांधून गाडीवर जाणाऱ्या मुलींनो, तोंड तर झाकता पण हाताचे पंजे आणि चपलेतली पावलं उघडी राहतात, सनकोटाच्या बाह्या पंजापर्यंत ओढा. आणि गॉगल घाला, उन्हानं डोळ्यावर मांस वाढतं आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो, फक्त यूव्ही 400 लिहिलेला बघून घ्या.

जे कापडानं झाकता येत नाही तिथं सनस्क्रीन. ट्यूबवर तीन गोष्टी बघायच्या. एसपीएफ 30 किंवा 50, हा आकडा यूव्हीबीचा, म्हणजे जे किरण कातडी लाल करतात, जाळतात त्यांचा. नीट लावलं तर 30 वालं साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 वालं 98, त्यामुळे शंभरवाल्याच्या मागे पैसे घालू नका. दुसरं, पीए आणि पुढे तीन किंवा चार प्लस, हे यूव्हीएसाठी, ते किरण खोल जातात, सुरकुत्या आणि डाग आणतात आणि साध्या काचेतून पण येतात. एसटीच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरदादांचा उजवा हात बघा, खिडकीकडचा, लगेच कळेल. तिसरं, घाम येत असेल तर वॉटर रेझिस्टंट.

पण खरी गडबड होते ती किती लावायचं याच्यात. तो एसपीएफ लॅबमध्ये जाड थर लावून मोजलेला असतो, आपण लावतो शेंगदाण्याएवढं, मग 50 चं 50 राहत नाही, खूपच खाली येतं. पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्हीवर टोकापासून मुळापर्यंत ट्यूबची रेघ काढा, तेवढं तोंड आणि मानेला. कानाची पाळी आणि मानेची मागची बाजू विसरायची नाही. हे निदान एक ग्रॅम तरी होतं, दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभराच्या आत संपते, तुमची सहा महिने पुरत असेल तर लावणं कमी पडतंय. बाहेर पडायच्या 15-20 मिनिटं आधी लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत, आणि रुमालानं तोंड पुसलं की ते पण पुसलं गेलं. आणि एक, सनस्क्रीननं ऊन लागायचं थांबत नाही, उष्माघाताला पाणी, ताक, सावलीच लागते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. माझ्या वहिनीला बाळंतपणानंतर गालावर वांग आला. कोणीतरी सांगितलं म्हणून एका मेडिकलवरून ट्यूब आणली, चिठ्ठी नाही काही नाही. पंधरा दिवसात तोंड असं उजळलं की शेजारणीही नाव विचारायला लागल्या. तीन महिन्यांनी ट्यूब बंद केली तर तोंड लालबुंद, आग, पुरळ, हनुवटीवर लव वाढली, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात उभं राहता येईना. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. घरातली ट्यूब आत्ता उलटून वाचा, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलं असेल तर ती गोरेपणाची क्रीम नाही, औषध आहे, डॉक्टरनं ठरावीक दिवसांसाठीच द्यायचं असतं. आधीच लावत असाल तर एकदम बंद करू नका, कातडीच्या डॉक्टरला दाखवून हळूहळू सोडवा. वहिनीला सावरायला वर्ष गेलं आणि ते वर्षभर ती लग्नाला सुद्धा जाईना, हे मी जवळून बघितलंय. वांग असेल तर टिंटेड, म्हणजे कातडीसारखी रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या, आयर्न ऑक्साइडवालं, कारण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर साध्या दिसणाऱ्या उजेडानंही वांग गडद होतो आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. सनस्क्रीन गोरं करत नाही, करायला पण नको, आपला रंग चांगलाच आहे, तो भाजू द्यायचा नाही एवढंच.

लिंबू तोंडाला चोळून उन्हात जाऊ नका, लिंबाचा रस आणि ऊन मिळून फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत, सरबत करणाऱ्यांनी पण हात धुऊनच बाहेर पडा. पिंपल्सवर डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर कातडी लवकर भाजते. भाजलंच तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, कॅलामाइन लावा, टूथपेस्ट नाही, फोड फोडायचे नाहीत. ज्यांना कोड आहे त्यांच्या पांढऱ्या डागांवर रंगच नसतो, तिथं सगळ्यात आधी लावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नको, सावली आणि झबलं. खालच्या ओठावर किंवा कुठंही जखम महिनाभर बरी होत नसेल तर दाखवून घ्या.

ट्यूब गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मे मध्ये डिक्की तव्यासारखी तापते आणि क्रीम फुटून पाणी वेगळं होतं, मग ते कामाचं राहत नाही. आमची माठाच्या तिवईखाली असते, आई पाणी प्यायला वाकली की तिला दिसते, मग ती आधी मानेला लावते.