दवाखान्यात तपासणी नीट होते का, हे कसे पाहावे

वेळ न ठरवता ताप, खोकला किंवा पोटदुखी घेऊन आपण ज्या दवाखान्यात जातो, तेथील उपचारांचा दर्जा बाहेरच्या गर्दीवरून किंवा एका दिवसात ताप उतरला एवढ्यावरून ठरवू नये. डॉक्टर काय विचारतात, हात लावून काय तपासतात आणि शेवटी काय समजावून सांगतात, याकडे लक्ष द्यावे. घरून निघताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने कागद आणि ताप केव्हा किती होता याची नोंद बरोबर घ्यावी. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले होते किंवा घरातील स्त्री गरोदर आहे, हे न विचारताही सांगावे.

रक्तदाब मोजण्याची पद्धत दवाखान्याविषयी बरेच सांगून जाते. रुग्णाला किमान पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार देऊन, पावले जमिनीवर टेकवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजणी करावी लागते, आणि तेवढा वेळ कोणी बोलायचे नसते. जिना चढून आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळला जात असेल, तर थोडे थांबून पुन्हा मोजण्याची विनंती अवश्य करावी. त्या एका आकड्यावरून कदाचित आयुष्यभराची गोळी सुरू होणार असते.

सुई आणि सलाईन यांचा हट्ट मात्र आपणच सोडायला हवा. साध्या सर्दीवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, आणि ज्याला तोंडाने पाणी पचते त्याला अशक्तपणा घालवण्यासाठी सलाईन लावण्याची सहसा गरज नसते. इंजेक्शन खरोखरच आवश्यक असेल, तर ते कशासाठी आहे हे विचारावे, सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का हे पाहावे, आणि वापरलेली सुई टोपण न लावता लगेच कटरमध्ये किंवा न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते का, याकडेही नजर ठेवावी.

कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्या, बिननावाच्या गोळ्या तशाच घेऊन येऊ नयेत. उद्या अंगावर पुरळ उठले किंवा मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर पोटात काय गेले हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून औषधाची नावे चिठ्ठीवर लिहून मागावीत. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असावा लागतो, तर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिणे अपेक्षित आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदा वेगवेगळ्या असल्याने पदवीही वाचावी.

उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: आजार काय वाटतो, औषध किती दिवस घ्यायचे आणि काय झाले तर वाट न पाहता परत यायचे. तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणारा डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो. छातीत दाब, धाप, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा मूल दूध न पिता निपचित पडणे, अशा वेळी दवाखान्यातील रांगेत न बसता 108 क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.