आकार बदलला की नुसती जागा? रूपांतरणाच्या गणितात या चुका टाळा

आकृती सरकवणं, फिरवणं, उलटवणं, ताणणं, मोठी-लहान करणं, ही सगळी भूमितीतली रूपांतरणं. जळगाव-धुळ्याच्या चौकांत लागणारे वाढदिवसाचे बॅनर आठवा. 2 इंच रुंद, 3 इंच उंच फोटो 6 बाय 6 फुटांच्या चौकटीत ताणून बसवला, की रुंदी 36 पट होते आणि उंची 24 पट. चेहरा आडवा दीडपट पसरतो आणि खालचे विचारतात, ‘हाऊ कोन शे रे भो?’ तोच फोटो 4 बाय 6 फुटांत घेतला असता, तर दोन्ही बाजूंनी 24 पटच वाढला असता. ‘फोटो मोठा केला’ म्हणून या दोन्ही क्रिया एकाच खात्यात टाकणं ही पहिली चूक. दुसरीत आकृती मूळ आकृतीशी समरूप राहते, म्हणजे माप बदललं तरी आकार तोच, पहिलीत तेही नाही.

दृढ मात्र यांतली एकही नाही. दृढ रूपांतरणात कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर जसंच्या तसं राहायला हवं. सरळ सरकवणं, फिरवणं, रेषेतलं प्रतिबिंब, आणि प्रतिबिंब घेऊन त्याच रेषेच्या दिशेनं सरकवणं, एवढेच प्रकार प्रतलावर त्यात बसतात. शंका आली की पट्टी घ्या, नजरेवर जाऊ नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक क्षेत्रफळाची. रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या शेताचा नकाशा 1 सेंमी = 50 मीटर या प्रमाणात आहे आणि कागदावर शेत 4 चौसेंमी भरतं, असं धरू. मुलं सरळ 4 × 50 = 200 चौमीटर लिहून मोकळी होतात. पण लांबीच्या 1 सेंमीचे 50 मीटर होतात तसे रुंदीच्या 1 सेंमीचेही 50 मीटर होतात, म्हणजे 1 चौसेंमीचे 2500 चौमीटर. शेत 10,000 चौमीटरचं, पुरतं एक हेक्टर. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर त्यात सुमारे 4444 खोडं बसतात. 200 चौमीटरच्या हिशोबानं 89 सुद्धा भरत नाहीत. असं उत्तर घरी वडिलांना दाखवून बघा!

उलट, क्षेत्रफळ तेवढंच राहिलं म्हणून रूपांतरण दृढ, हेही खोटं. 4 सेंमी बाजूच्या चौरसाची वरची बाजू त्याच उंचीवर 3 सेंमी उजवीकडे ढकला. समांतरभुज चौकोन होईल, क्षेत्रफळ 16 चौसेंमीच; पण उभ्या बाजू तिरप्या होऊन 5 सेंमीच्या झाल्या.

प्रतिबिंबाबाबत गोंधळ वेगळा. (1, 1), (4, 1), (1, 3) हा त्रिकोण उभ्या अक्षात उलटवला की (−1, 1), (−4, 1), (−1, 3) मिळतो. कागदावर कितीही सरकवा, फिरवा, मूळ त्रिकोणावर बसत नाही. म्हणून ‘एकरूप नाही’ असं लिहिलं जातं. बाजू मोजा: 3, 2 आणि √13, दोन्हीकडे त्याच. कागद पालथा केला की बसतो.

उभ्या अक्षात प्रतिबिंब घेताना पहिल्या निर्देशकाचं चिन्ह बदलतं, आडव्या अक्षात दुसऱ्याचं. हे घोकण्यापेक्षा एक बिंदू आलेखावर मांडून बघावा.

आकृती ज्या बिंदूपासून मोठी-लहान करायची ते केंद्र विसरणं हेही नेहमीचंच. (1, 1) हे केंद्र धरून (3, 2) ला 2 पट करायचं असेल तर उत्तर (6, 4) नव्हे. केंद्रापासून 2 उजवीकडे आणि 1 वर आहोत, त्याची दुप्पट 4 आणि 2, म्हणून (5, 3). गुणक, म्हणजे किती पट तो आकडा, −1 आला तर घाबरू नका: बिंदू केंद्राच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर जातो, म्हणजे तो अर्धा फेराच, आणि दृढ.

दोन क्रिया एकामागून एक असतील तर क्रम जपा. (3, 1) हा आरंभबिंदूभोवती, म्हणजे (0, 0) भोवती, घड्याळाच्या उलट 90° फिरवला की (−1, 3), मग 2 उजवीकडे नेला की (1, 3). आधी सरकवून मग फिरवला तर (−1, 5). प्रश्नात ‘नंतर’ हा शब्द कुठे आहे, त्याखाली पेन्सिलनं रेघ मारा.