सोलापुरात बसून बायोमेकॅनिक्सचा रिसर्च सुरू करायचाय? मोबाईल काढा

बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीराच्या हालचालीचं आणि त्यावर येणाऱ्या जोराचं शास्त्र. फिजिओ नाहीतर मेकॅनिकल केलेली आपल्याकडची पोरं विचारतात, ताई, इथं मोशन कॅप्चरची, म्हणजे कॅमेऱ्यांनी शरीराची हालचाल मोजायची लॅब कुठाय? लॅबचं नंतर बघू, आधी प्रश्न शोधा. बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसते, यंत्रमागावरचा कामगार तुटलेला धागा जोडायला सारखा वाकतो, तर किती अंशात आणि दिवसातून किती वेळा, हे मोजायला बसलात की विषय मिळालाच समजा.

पण पहिला प्रयोग चालण्याचाच करा, कारण त्याचे आकडे पक्के माहितीयेत, आपलं चुकलं की लगेच कळतं. सहा-सात मीटरचा सरळ पॅसेज घ्या, मोबाईल कमरेच्या उंचीवर आणि चालायच्या रेषेला बरोबर काटकोनात. मी पहिल्यांदा फोन खिडकीत टेकवला होता, जरासा तिरका, गुडघ्याचे सगळे कोन चुकले आणि तीन दिवसांचं काम गेलं, म्हणून काटकोन म्हणजे काटकोनच. खुबा, गुडघा, घोटा, तिन्हीवर बाहेरून रंगीत टेपचे ठिपके लावा, सेकंदाला 240 फ्रेमनं शूट करा, सुरुवातीची दोन पावलं सोडून द्या. मग व्हिडिओतले कोन मोजायला किनोव्हिया हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. फाईल 30 फ्रेमनं चालत असेल तर त्याला खरा वेग 240 असं सांगावं लागतं, नाहीतर वेळ आठपट येते. टाच टेकल्यापासून तीच टाच परत टेकेपर्यंत एक गेट सायकल (gait, म्हणजे चालण्याचं एक चक्र), त्यात पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि हवेत असताना गुडघा 60 अंशांच्या आसपास वाकतो. तुमचं फारच वेगळं आलं तर आधी ठिपके तपासा.

कोन म्हणजे अर्धंच काम, सांध्यावर जोर किती येतो त्याला फोर्स प्लेट (पायाचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) आणि इनव्हर्स डायनॅमिक्स (हालचालीवरून उलटं जोर काढायचं गणित) लागतं. ते ओपनसिम या सॉफ्टवेअरच्या तयार डेटावर शिका. फिजिओवाल्यांनी व्हेक्टर, कॅल्क्युलस, पायथन टाळू नका, मेकॅनिकलवाल्यांनी ॲनाटॉमी. GATE या प्रवेश परीक्षेला 2020 पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे.

कामगारांवर अभ्यास करणार असाल तर एथिक्स कमिटीची (माणसांवरचे अभ्यास तपासणारी समिती) परवानगी आधी, आणि संमतीपत्र मराठीसोबत तेलुगूतपण काढा, सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे कामगार बरेच, त्याशिवाय लोकांना नीट समजणारच नाही.

पीएचडीसाठी प्रोफेसरांना मेल करताना नुसतं इंटरेस्ट आहे असं लिहू नका, आपला गुडघ्याचा ग्राफ जोडा आणि त्यात चूक कुठं असू शकते तेपण लिहा.